पहिल्यांदाच सीईओ झालेल्यांसाठीची कोचिंग सेवा: सहा महिन्यांनंतरचे मत

एका विभागाची जबाबदारी बारा वर्षे सांभाळल्यावर मी मुख्य कार्यकारी अधिकारी झालो आणि संचालक मंडळाच्या आग्रहावरून, हे पद प्रथमच स्वीकारणाऱ्यांसाठी चालवली जाणारी एक कोचिंग सेवा सहा महिने घेतली. दर पंधरवड्याला दीड तासाची भेट, मध्ये गरज पडल्यास फोन आणि सुरुवातीला सहकाऱ्यांच्या मुलाखतींवरून तयार केलेला अहवाल, असे तिचे स्वरूप होते.

पहिल्याच भेटीत कोचने माझे मागील चार आठवड्यांचे कॅलेंडर मागवले आणि ‘ही बैठक माझ्याशिवाय पार पडली असती का?’ या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक नोंदीपुढे मला स्वतःच्या हाताने लिहायला लावले. 41 पैकी 26 बैठकांपुढे मी ‘हो’ लिहिले आणि त्यांतल्या बहुतेक माझ्याच जुन्या विभागाच्या होत्या. माझ्या जागी आलेल्या सहकाऱ्याची त्यामुळे किती कुचंबणा होत असेल, हे तोवर माझ्या ध्यानातही आले नव्हते. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकेल पोर्टर आणि नितीन नोहरिया यांनी 27 सीईओंच्या वेळेची प्रत्येकी 13 आठवडे नोंद ठेवून 2018 मध्ये मांडलेले निष्कर्ष कोचने नंतर दाखवले: कामाचा 72 टक्के वेळ बैठकांत, तर ग्राहकांसाठी सरासरी जेमतेम 3 टक्के. ‘सगळ्यांचेच असे असते’ अशी पळवाट मात्र त्यांनी मला काढू दिली नाही.

सहज बोललेल्या शब्दाचाही या पदावर हुकूम होतो, हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका नमुन्याकडे पाहून मी ‘रंग जरा भडक वाटतो’ एवढेच म्हणालो आणि दोन दिवसांनी संपूर्ण वेष्टनाचे काम थांबवल्याचे कळले. त्यानंतर ‘हे केवळ मत आहे’ किंवा ‘हा निर्णय आहे’ असे बोलण्याआधीच स्पष्ट करण्याची सवय कोचने लावली, आणि ती टिकली.

संचालक मंडळाच्या बाबतीत मात्र ही सेवा तोकडी पडली. आधी मला एकच वरिष्ठ होता, आता परस्परांशी न जुळणाऱ्या अपेक्षा असलेले अनेक संचालक आहेत. त्यात माझे पूर्वसुरी अजून मंडळावर असल्यामुळे जुने कर्मचारी तक्रारी घेऊन थेट त्यांच्याकडे जातात. माझ्या दृष्टीने हाच सर्वांत नाजूक प्रश्न होता, पण ‘अध्यक्षांशी नियमित बोलत राहा’ या सल्ल्यापलीकडे काही हाती लागले नाही. कोच स्वतः कधी मंडळाला उत्तरदायी नव्हते, हे मला चौथ्या भेटीत समजले. ते आधी विचारायला हवे होते, ही चूक माझीच.

अहवालाने तर निराशाच केली. ‘धोरणात्मक संवाद वाढवावा’ असली वाक्ये कोणाच्याही नावापुढे खपली असती. त्याहून गंभीर बाब म्हणजे त्याची प्रत मला न विचारता अध्यक्षांकडे गेली होती. गोपनीयतेचे कलम दुसऱ्या महिन्यात भांडून लिहून घ्यावे लागले, आणि तोपर्यंतच्या भेटींत मी मोकळेपणाने बोलू शकलो नाही.

पाचपैकी तीन गुण. घ्यायचीच असेल तर पदभार स्वीकारण्यापूर्वी, हस्तांतरणाच्या काळातच सुरू करावी आणि अहवाल कोणाला दाखवला जाईल हे लेखी घ्यावे. मी मुदत वाढवली नाही. कॅलेंडरची तपासणी मात्र दर महिनाअखेरीस स्वतः करतो. मागच्या महिन्यात ‘हो’ नऊ होते, त्यांपैकी चार अजूनही जुन्या विभागाचेच.