पर्म झालाय की नुसता टाँग फिरवलाय?

पर्म, म्हणजे केस कायमचे कुरळे करणं, करून सलूनमधून बाहेर पडताना केस कोरडे, सेट केलेले आणि सुंदर दिसत असतील, तर पर्म खरोखर झालाय की नाही हे तुम्हाला अजून कळलेलं नसतं. माझी फसवणूक नेमकी याच जागी झाली. आणि ती इतकी बेमालूम होती की बराच काळ मी त्या लोकांचे आभार मानत होते.

माझे केस सरळसोट आणि जरा बारीक. सलूनमध्ये मला फोटो दाखवले ते घट्ट, उसळत्या बटांचे. ‘आमचा पर्म केमिकल-फ्री आहे मॅडम, केसांना काहीच होत नाही.’ हे वाक्य कानावर पडलं की पर्स उचलावी आणि उठावं. केमिकलशिवाय कायमचा पर्म होतच नाही. केस ज्या केराटिनचा बनलेला असतो त्यात गंधकाचे पक्के बंध असतात. थायोग्लायकोलेटसारखं द्रव्य त्यातले काही तोडतं, तेवढ्यात केस रॉडवर (छोट्या नळीवर) गुंडाळलेला असतो, आणि मग न्यूट्रलायझर (बहुतेक वेळा हायड्रोजन पेरॉक्साइड) ते बंध त्या नव्या वळणात पुन्हा जोडतो. हेच पर्म. अगदी 1905 साली कार्ल नेस्लर या जर्मन केशकर्तनकाराने लंडनमध्ये आपला पर्म दाखवला, तेव्हाही तापवलेल्या रॉडच्या जोडीला क्षारयुक्त द्रव्य होतंच. शंभरहून अधिक वर्षांत द्रव्यं बदलली, सौम्य झाली, पण रसायन काही गेलं नाही.

तर त्यांनी केस गुंडाळले. रॉड जाडजूड होते. कर्ल केवढा होणार हे रॉडच्या जाडीवर ठरतं. फोटोतल्या बटांना पेन्सिलीएवढे रॉड लागले असते. आधी कधी रंग लावलाय का, मेंदी लावलीय का, ब्लीच केलंय का, यातलं एकही विचारलं नाही. हे विचारणं शिष्टाचारापुरतं नसतं. ब्लीच केलेला केस पर्मच्या द्रव्यात चक्क तुटू शकतो, आणि धातूचे क्षार असलेल्या मेंदीवर किंवा रंगावर हे द्रव्य भलतंच वागतं. एखादा रॉड मध्येच सैल करून बट ‘एस’सारखी वळतेय का, हे जाणकार माणूस बघतोच बघतो. इथे कुणी बघितलं नाही. द्रव्याचा तो डोळ्यांत जाणारा उग्र वासही अगदी नाममात्र होता, आणि मला तेव्हा ते चांगलंच लक्षण वाटलं. केमिकल-फ्री म्हणाले होते ना! मग रॉड काढले आणि मोकळ्या केसांवर न्यूट्रलायझर ओतला. तो रॉड केसांत असतानाच लावायचा असतो, आधी रॉडसकट धुवून, टॉवेलने टिपून. बंध जोडायचे तर ज्या आकारात जोडायचे त्या आकारात केस धरलेला नको का?

त्यानंतर सगळ्यात जास्त वेळ कशाला दिला असेल तर ‘फिनिशिंग’ला. मूस (केस सेट करायचा फेस) लावलं, ड्रायरने कडक वाळवलं आणि एकेक बट टाँगवर, म्हणजे केस वळवायच्या गरम चिमट्यावर, गुंडाळून सोडली. वर स्प्रे. आरशात फोटोतल्यासारखे केस. पैसे दिले, निघाले.

‘आता आठवडाभर पाणी लावू नका’, असं बजावलं होतं. पर्मनंतर साधारण दोन दिवस धुवू नये असं सगळीकडेच सांगतात, त्यामुळे आठवडा ऐकून काही खटकलं नाही. पहिल्यांदा धुतले आणि कर्ल गेला. उरल्या त्या दोन-चार आळसावलेल्या लाटा, आणि टोकांना माशाच्या गळासारखे उलटे वाकलेले आकडे. (हे आकडे रॉडवर टोकाचा कागद नीट न बसवल्यामुळे येतात, हे पुढे कळलं.)

फोन केला तर तिकडे उत्तर तयारच होतं. शाम्पू कुठला? विंचरलं का? झोपताना केस कसे ठेवता? मी काहीही सांगितलं तरी दोष तिथेच निघाला. ‘मॅडम, तुम्ही कर्ल उघडलात. पण काळजी करू नका, आपण सील करू.’

इथून खरा धंदा सुरू झाला. ‘कर्ल सील’ नावाचं किट: शाम्पू, मास्क, सीरम. आणि सोबत ठरावीक अंतराने सलूनमध्ये यायचं ‘सीलिंग’ला, त्याचं पॅकेज आगाऊ पैसे भरून. सीलिंगमध्ये मास्क लावून वाफ द्यायचे, धुवायचे, वाळवायचे आणि शेवटी पुन्हा तोच टाँग. मी दरवेळी कुरळी होऊन बाहेर पडायचे. घरी धुतलं की पुन्हा तेच. शेवटी सल्ला आला, ‘घरी धूच नका, इथेच या.’ आज हसू येतं, पण यातली हुशारी मानायला हवी: पाण्यात त्यांचं बिंग फुटत होतं, म्हणून त्यांनी मला पाण्यापासूनच लांब ठेवलं.

कारण साधं आहे. टाँगची उष्णता गंधकाच्या बंधांना जोडतबिडत नाही. ती केसातले कमकुवत हायड्रोजन बंध तात्पुरते बदलते, आणि ते पाणी लागताच, किंबहुना दमट हवेतही, सुटतात. कपड्याला पाणी लागलं की इस्त्रीची घडी जाते तसं. पर्मचा कर्ल उलटा वागतो: तो ओल्या केसातच सगळ्यात ठळक दिसतो, वाळताना थोडा पसरतो. म्हणून ओली बट ही परीक्षा.

ती परीक्षा माझ्यासमोर केली एका दुसऱ्या केशकर्तनकार बाईंनी. मी त्यांच्याकडे गेले होते फक्त टोकं कापायला. त्यांनी पाण्याचा फवारा मारला, बट तळव्यावर वर ढकलली, सोडली. ती सरळ खाली आली. ‘ताई, याला पर्म लागलाच नाहीये. टोकं मात्र टाँगने भाजलीत.’ टोकाशी पांढरे ठिपके होते, तिथून केस नुसत्या ओढण्याने तुटत होता. आता लगेच दुसरा पर्म करून द्यायला त्यांनी साफ नकार दिला. विश्वास बसला तो त्या नकारामुळे.

मग ‘कर्ल सील’ किटमधली बाटली नीट बघितली. लेबलवर दुसरं लेबल चिकटवलेलं होतं. नखाने खरवडलं तर खालून सलूनला घाऊक विकायचा साधा कंडिशनर निघाला. घटकांची यादी उतरत्या क्रमाने लिहितात, म्हणजे जे जास्त ते आधी. निदान एक टक्क्याच्या वरच्या घटकांना तरी हा नियम असतो. पाणी, सेटियरिल अल्कोहोल, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड, डायमेथिकोन, मग सुगंध. त्यात वाईट काही नाही. केस मऊ होतो, गुंता सुटतो. ‘केराटिन’ अगदी तळाला, सुगंधाच्याही खाली. हायड्रोलाइज्ड केराटिन केसावर थर देतं, खरबरीतपणा कमी करतं. पण न बसलेला पर्म ते बसवू शकत नाही, आणि कुठलंच सीरम, मास्क किंवा वाफ बसवू शकत नाही. ‘गेलेला पर्म परत आणतो’ म्हणणारी वस्तू विकत घेऊ नका. आणखी एक सापळा: पर्मवर कुणी ‘केराटिन ट्रीटमेंट’ सुचवली तर नीट विचारा. त्या नावाखाली जे होतं त्यातल्या पुष्कळशा ट्रीटमेंट केस सरळ करायच्याच असतात. कर्ल टिकवायला जाल आणि उरलासुरला घालवून याल.

देखभालीला महत्त्व नाही असं मात्र नाही. पर्म खरा असेल तर देखभालीने त्याचा आकार छान दिसतो आणि केस कमी तुटतो. सल्फेट नसलेला शाम्पू, भरपूर कंडिशनर, गुंता ओल्या केसातच आणि रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, सुती टी-शर्टने दाबून पाणी टिपायचं. केस चांगले ओले असतानाच लीव्ह-इन (न धुता तसाच ठेवायचा कंडिशनर) आणि जेल, खालून वर मुठीत दाबत. मग डिफ्यूझर (ड्रायरची हवा पसरवणारं तोंड), कमी उष्णता, आणि पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही (हे सगळ्यात कठीण). जेलने केस कडक झाले तर वाळल्यावर मुठीत चुरले की मऊ होतात. जड तेल मोजकंच, त्याच्या वजनाने बट ओढली जाते. झोपताना डोक्यावर सैल बांधून साटिनच्या अभ्र्यावर. यातली कुठलीही गोष्ट एखाद्या दिवशी चुकली म्हणून खरा पर्म एका धुण्यात सरळ होत नाही. कुणी तसं म्हणत असेल तर ते स्वतःचं काम झाकतंय. मुळाशी सरळ केस येणार, महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, तेही ‘सील’ होत नाही; पुढचा पर्म फक्त त्या नव्या वाढीवर करायचा असतो.

मी पैसे परत मागायला गेले तेव्हा लेबल खरवडलेली बाटली आणि ओल्या केसांचा व्हिडिओ सोबत होता. आधी म्हणाले पर्मची गॅरंटी नसते. मग म्हणाले केस माझे ‘रेझिस्टंट’ आहेत, म्हणजे पर्म सहजी धरत नाहीत. असे केस असतात हे खरं, पण मग ते आधी एका बटेवर करून बघायचं असतं, तोच तर स्ट्रँड टेस्ट. पावतीवर पर्मच्या पुढे कुठलं द्रव्य वापरलं ते लिहून मागितलं, तर ‘तसं लिहीत नाही’. पॅकेजमधल्या न वापरलेल्या सीलिंगचे पैसे बरीच हुज्जत घातल्यावर परत दिले; पर्मचे आणि किटचे नाही. पर्मच्या पावतीवर नुसतं ‘हेअर सर्व्हिस’ छापलेलं होतं, त्यामुळे पुढे तक्रार करतानाही मला फार अडलं. तुम्ही जाल तेव्हा पावतीवर ‘पर्म’ हा शब्द आणि द्रव्याचं नाव लिहून घ्या, बाटली तुमच्यासमोर उघडायला लावा, आणि टाँग हातात घेतला की थांबवा. ओले केस बघायचेत म्हणा.

भाजलेली टोकं कापून टाकली. किटमधला मास्क संपवतेय, कंडिशनर म्हणून चांगला आहे.