मनोविकारांचे आकडे बघायचे तर: जीबीडी रिझल्ट्स टूल

जळगाव-धुळ्याकडे मानसिक आरोग्यावर प्रकल्प करणाऱ्यांना जीबीडीचे (ग्लोबल बर्डन ऑफ डिसीज, म्हणजे जगभरातल्या आजारांच्या ओझ्याचा अभ्यास) हे फुकट ऑनलाइन साधन आम्ही नक्की सुचवू. १९९० पासूनचे अंदाज पाच-पाच वर्षांच्या वयोगटांनुसार मिळतात. नोंदणी करा, आजार, वयोगट आणि वर्षे निवडा; फाइलची लिंक ईमेलवर येते.

सगळ्यात जास्त घोळ मापकात होतो. 'संख्या' घेतली तर वाढ लोकसंख्येचीही असते, म्हणून दर लाखाचा 'दर' घ्या. वय-प्रमाणित दर (सगळीकडे वयांची रचना सारखी धरून काढलेला) राज्यांच्या तुलनेला चांगला, पण तरुण आणि म्हाताऱ्यांतला फरक त्यात झाकला जातो. पिढी बघायची तर तिरपे वाचा: १९९० चे २०-२४ वयाचे लोक २०१५ मध्ये ४५-४९ च्या गटात सापडतात. आत्महत्या मनोविकारांत शोधू नका, ती 'स्वतःला इजा' या वेगळ्या सदरात आहे, स्मृतिभ्रंश मेंदूविकारांत.

मोठी उणीव: जळगाव, धुळे, नंदुरबार वेगळे दिसत नाहीत. शिवाय हे मोजलेले नव्हे, मॉडेलने काढलेले आकडे. अनिश्चिततेची मर्यादा (अंदाज किती कमी-जास्त असू शकतो, तो पल्ला) सोबत छापाच. प्रत्यक्ष पाहणी बघायची तर २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातल्या १२ राज्यांत शेजारचे गुजरात आणि मध्य प्रदेश होते, महाराष्ट्र नव्हता. तेव्हा खानदेशाचा आकडा म्हणून यातलं काहीही छापू नका.