स्टड्स टर्केलचा रेडिओ संग्रह: काही महिने ऐकल्यानंतर

मुलाखतकाराने पुस्तक वाचलंय की नुसतं मलपृष्ठ चाळलंय, हे पहिल्या दोन प्रश्नांत कळतं. स्टड्स टर्केलच्या बाबतीत बऱ्याचदा ते पहिला प्रश्न यायच्या आधीच कळतं.

शिकागोच्या डब्ल्यूएफएमटी रेडिओवर 1952 ते 1997 अशी 45 वर्षं हा माणूस तासभराचा कार्यक्रम करत होता. कादंबरीकार, गायक, नट, नाटककार, कामगार नेते, सगळे त्याच्या माइकसमोर येऊन गेले. 5,000 हून जास्त कार्यक्रम झाले. त्यांचा संग्रह मे 2018 मध्ये इंटरनेटवर खुला झाला आणि तो फुकट ऐकता येतो. मी गेले काही महिने रात्रीची आवराआवर झाली की यातलंच काहीतरी लावतो. ज्यांना लेखकांशी झालेल्या गप्पा ऐकायला आवडतात, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

सुरुवात कृष्णवर्णीय अमेरिकन कादंबरीकार जेम्स बाल्डविनच्या 1961 च्या मुलाखतीपासून करा. माझ्या मते या संग्रहातला हा सर्वात श्रीमंत तास आहे. कार्यक्रम सुरू होतो तो ब्लूज गायिका बेसी स्मिथच्या गाण्याने. पुरात घर गेलेल्या बाईचं गाणं, 1927 साली ध्वनिमुद्रित झालेलं. पाहुण्याची जन्मतारीख नाही, पुरस्कारांची यादी नाही. गाणं वाजतं आणि टर्केल बाल्डविनला विचारतो की हे ऐकताना मनात काय आलं. मग बाल्डविन स्वित्झर्लंडमधल्या त्या बर्फाळ खेड्याबद्दल बोलू लागतो, जिथे तो टाइपरायटर आणि बेसी स्मिथच्या रेकॉर्डी घेऊन गेला होता आणि जिथे त्याने आपली पहिली कादंबरी पुरी केली. अमेरिकेत असताना तो हे गाणं ऐकायचंच टाळायचा. गोऱ्यांनी काळ्या माणसाचं जे चित्र रंगवून ठेवलं होतं, त्यात आपण बसू नये म्हणून. परदेशात गेल्यावर त्याला त्या आवाजात आपल्या लहानपणीची बोली सापडली. घर पडलं, आता तिथे राहता येत नाही, एवढंच ती बाई सांगते. रडारड नाही. त्या साध्या वाक्यामागे केवढी ताकद आहे हे बाल्डविन उलगडून सांगतो, तेव्हा कादंबरीतलं वाक्य कसं घडतं याचा धडाच मिळतो. मी तो भाग पुन्हापुन्हा ऐकलाय.

प्रश्नाच्या जागी गाणं ठेवायची ही रीत टर्केलला कुठून आली, हे त्याचं आयुष्य पाहिलं की कळतं. आधी तो रेडिओवर रेकॉर्डी वाजवणारा माणूस होता. गायिका महालिया जॅक्सनची गॉस्पेल गाणी, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या चर्चमधली भक्तिगीतं, त्याने फार लवकर लोकांना ऐकवली आणि पुढे दोघांची मैत्री झाली. सिनेटर मॅकार्थीच्या काळात, म्हणजे कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांना लक्ष्य केलं जात होतं तेव्हा, टर्केलला काळ्या यादीत टाकलं गेलं, कामं गेली, तेव्हा आपल्या रेडिओ कार्यक्रमात टर्केल नसेल तर मीही नाही, असं महालियाने ठणकावलं होतं. हे माहीत असलं की त्या दोघांच्या बोलण्यातला जिव्हाळा वेगळाच ऐकू येतो.

लेखकालाच त्याच्या पुस्तकातला उतारा वाचून दाखवणं, ही टर्केलची दुसरी सवय. आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं की लेखक क्षणभर थांबतो, मग पाठ केलेली उत्तरं बाजूला पडतात. मुलाखती घेणाऱ्या प्रत्येकाने हे शिकून घ्यावं.

आता खटकणारं. टर्केल मध्ये बोलतो, खूप बोलतो. उत्साहाच्या भरात पाहुण्याचं वाक्य तोच पुरं करतो. कधी त्याचं मत प्रश्नाच्या आधीच ठरलेलं असतं. 1963 ची गायक-गीतकार बॉब डिलनची मुलाखत घ्या. डिलन तेव्हा 21 वर्षांचा. स्टुडिओत तो ‘अ हार्ड रेन्स अ-गॉना फॉल’ हे मुसळधार पावसाचं प्रसिद्ध गाणं गातो. टर्केल त्या पावसाचा संबंध अणुबाँबशी जोडतो आणि डिलन साफ नाही म्हणतो. इथे मला डिलन जास्त पटला. पण गाणं झाल्या झाल्या तोंडावर मिळालेला तो नकार प्रत्येकाने ऐकावा असा आहे.

ध्वनी सगळीकडे सारखा नाही. जुन्या टेपांची खरखर आहे, काही ठिकाणी आवाज लांबून आल्यासारखा येतो. शिकागोची बोली आणि टर्केलचा वेग, दोन्हींची सवय व्हायला वेळ लागतो. बऱ्याच मुलाखतींना लिखित संहिता जोडलेली आहे, तिचा मोठा आधार होतो. मी अवघड मुलाखत आधी संहिता समोर ठेवून ऐकतो, मग नुसती ऐकतो. दुसऱ्या वेळी आवाजातले चढउतार आणि थांबणं नीट लक्षात येतं. विषयावरून शोधही घेता येतो, त्यामुळे एका लेखकावरून दुसऱ्याकडे सहज जाता येतं.

ऐकताना आकाशवाणीची आठवण येतच राहते. आपल्या केंद्रांवरही लेखक-कलावंत वर्षानुवर्षं बोलले आहेत. मराठीतल्या त्या मुलाखती अशाच संहितेसकट, नाव टाकलं की समोर येतील अशा मिळाव्यात, असं मनापासून वाटतं.

एकदम तासभर बसायला जमत नसेल, तर ईव्ह एल. यूइंगने याच संग्रहावर केलेला ‘बगहाउस स्क्वेअर’ हा पॉडकास्ट आधी ऐका. त्यात जुन्या मुलाखतीसोबत आजची चर्चा आहे आणि बाल्डविनही आहे. पण त्यावर थांबू नका, मूळ मुलाखत सलग ऐका. गाडी चालवताना नको, हेडफोन लावून, दुसरं काही न करता.