पुण्याहून परदेशी जाताना दिल्लीचं टर्मिनल ३: कधी घ्यावं, कधी टाळावं

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून थेट परदेशी जाणारी विमानं अजून मोजकीच आहेत. दुबई, बँकॉक अशी जवळची ठिकाणं मिळतात, पण युरोप-अमेरिकेसाठी बहुतेकांपुढे दोनच वाटा उरतात. एक्स्प्रेसवेने मुंबई गाठायची, नाहीतर पुण्यातच बॅग देऊन दिल्लीमार्गे निघायचं. दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळाचं टर्मिनल ३ या कामासाठी खरोखर चांगलं आहे, पण दोन अटींवर. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर हवा आणि दोन्ही विमानं टर्मिनल ३ वरचीच हवीत. यातली एक जरी अट सुटली, तरी मुंबईची टॅक्सी परवडली.

टर्मिनलचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच अडकतात. टर्मिनल ३ जुलै २०१० मध्ये, राष्ट्रकुल स्पर्धांच्या आधी सुरू झालं. देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय विमानं एकाच छपराखाली, हा त्याचा मोठा फायदा. टर्मिनल २ शेजारीच आहे, चालत जाता येतं. टर्मिनल १ मात्र विमानतळाच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्याने काही किलोमीटर लांब. मधला प्रवास बसने किंवा टॅक्सीने, आणि महिपालपूरच्या बाजूची वाहतूक तुंबली की वेळेचा काही भरवसा नाही. मेट्रोही मदतीला येत नाही: टर्मिनल ३ एअरपोर्ट एक्स्प्रेस लाइनवर आहे, टर्मिनल १ मॅजेंटा लाइनवर. इंडिगोची देशांतर्गत विमानं वेगवेगळ्या टर्मिनलांवर विभागलेली आहेत. एअर इंडियाचीही काही देशांतर्गत विमानं ऑक्टोबर २०२५ पासून टर्मिनल २ वर गेली आहेत. म्हणून कंपनीच्या नावावर जाऊ नका. टर्मिनलचा आकडा तिकीट काढताना एकदा आणि निघायच्या आदल्या दिवशी परत एकदा बघा.

जातानाचा क्रम सोपा आहे. पुण्याच्या काउंटरवर दोन्ही बोर्डिंग पास मागून घ्या आणि बॅगेला लावलेली पट्टी स्वतः वाचा. तिच्यावर शेवटच्या शहराचा कोड हवा, लंडनला जात असाल तर ‘एलएचआर’. दिल्लीचा ‘डीईएल’ मधला थांबा म्हणून असू शकतो, पण शेवटचा कोड तोच असेल तर बॅग दिल्लीच्या पट्ट्यावर येऊन पडेल. तिथल्या तिथे सांगा, पट्टी बदलून मिळते. पट्टीचा जो छोटा तुकडा तुम्हाला देतात, तो पासपोर्टमध्ये ठेवा.

दिल्लीत उतरल्यावर गर्दी सामानाच्या पट्ट्यांकडे वळते. तिच्या मागे जाऊ नका, ‘इंटरनॅशनल ट्रान्सफर’चे फलक धरा. चुकून बाहेर पडलात तर वरच्या मजल्यावरच्या प्रस्थान दारापासून सगळं पहिल्यापासून: सीआयएसएफच्या सुरक्षा जवानांना तिकीट आणि ओळखपत्र दाखवून आत, मग इमिग्रेशन, मग सुरक्षा तपासणी. ट्रान्सफरमधून गेलात तरी सुरक्षा तपासणी दुसऱ्यांदा होतेच, तेव्हा पाण्याची बाटली आधीच रिकामी करा.

इमिग्रेशनच्या रांगेवर आता चांगला उपाय आहे. जून २०२४ पासून इथे ‘फास्ट ट्रॅक इमिग्रेशन’ची ई-गेट्स सुरू आहेत. भारतीय पासपोर्टवाल्यांना आणि ओसीआय कार्डवाल्यांना (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) ती सोय खुली आहे. अर्ज गृह मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आधी करावा लागतो, मंजुरीनंतर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायचा. वर्षातून एकदाच प्रवास होत असेल तरी ही नोंदणी करून ठेवण्यासारखी आहे. चेहरा ओळखून आत सोडणारी डिजियात्रा वेगळी, ती देशांतर्गत प्रवासाची, पुण्याच्या दारावर उपयोगी पडते. दोन्हींची गल्लत पुष्कळांची होते.

दोन विमानांमध्ये तीन तास ठेवा. दोन तासांत जमतं, पण टर्मिनल प्रचंड आहे. सरकते पट्टे असूनही टोकाच्या गेटपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. घोषणेची वाट बघत बसू नका, फलकावर लक्ष ठेवा; नाहीतर गेट बदललेलं कळतही नाही.

परत येतानाचा क्रम मात्र वेगळा. आंतरराष्ट्रीय ते देशांतर्गत जाताना बॅग पुण्यापर्यंतची असली तरी दिल्लीत स्वतः उचलावी लागते, कारण कस्टम्स इथेच होतं. इमिग्रेशन (वर भिंतीवर हस्तमुद्रांची मोठी शिल्पं दिसतात, तोच हॉल), मग पट्टा, मग कस्टम्स, आणि बाहेर पडल्यावर लगेच कंपनीच्या ट्रान्सफर काउंटरवर बॅग परत द्यायची. ड्यूटी-फ्रीमधली बाटली ही बॅग देण्याआधी तिच्यात भरा. हातात ठेवलीत तर पुढच्या सुरक्षा तपासणीत वाद होतो आणि बहुधा ती तिथेच राहते. माणशी दोन लिटरची मर्यादा लक्षात असू द्या.

आता धुकं. डिसेंबरचा उत्तरार्ध आणि जानेवारीत दिल्लीला मध्यरात्रीपासून सकाळी नऊ-दहापर्यंत दाट धुकं पडतं. धावपट्टीवर कॅट-३ यंत्रणा आहे, तिच्या जोरावर अगदी कमी दृश्यमानतेतही विमान उतरतं. पण त्यासाठी विमानही तसं सज्ज लागतं आणि वैमानिकही प्रशिक्षित लागतो. शिवाय उड्डाणाला उतरण्यापेक्षा जास्त दृश्यमानता हवी असते, त्यामुळे उतरलेली विमानं जागेवरच अडकतात आणि पुण्याहून निघणाऱ्या विमानालाही पुण्यातच थांबवून ठेवतात. या दिवसांत पहाटेचं पुणे-दिल्ली आणि दुपारचं लंडन अशी जोडी घेऊच नका. दुपारी पुणं सोडून संध्याकाळी दिल्लीत पोचा आणि मध्यरात्रीच्या आतलं विमान धरा. एकाच पीएनआरवर असाल तर पुढचं विमान चुकल्यावर दुसरं देणं कंपनीवर असतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर तुम्ही ‘नो-शो’, म्हणजे न आलेले प्रवासी, पैसे गेले. स्वस्तात पडतं म्हणून दोन तिकिटं जोडणाऱ्यांनी एवढं एक ध्यानात घ्यावं.

मुलांकडे एकट्याने निघालेल्या आई-बाबांसाठी मात्र दिल्ली मुंबईपेक्षाही बरी. घाटातली कोंडी नाही, टॅक्सीत चार तास बसणं नाही, आणि सामान पुण्यातच हातातून सुटतं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा, किमान ४८ तास आधी. मदतनीस ट्रान्सफर आणि इमिग्रेशनमधून नेऊन गेटपर्यंत सोडतो. मध्ये एका ठिकाणी पाऊण तास बसवून ठेवतात, त्याने घाबरून जायचं नाही, हे त्यांना आधीच सांगा. औषधं, पॉवर बँक आणि कागदपत्रं हातातल्या पिशवीत, तूप-लोणची चेक-इनमध्ये. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या देऊ नका. तेलामुळे खोबरं पेट घेणाऱ्या वस्तूंत मोडतं आणि बॅग बाजूला काढली जाते.

थांबा सात-आठ तासांचा असेल तर खुर्चीत रात्र काढण्यापेक्षा एरोसिटी बरी, मेट्रोने एकच स्टेशन. शहरात जायचं असेल तर टर्मिनलसमोरूनच एअरपोर्ट एक्स्प्रेस मिळते, वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनच्या अजमेरी गेटच्या बाजूला सोडते. रात्री उशिरा ती बंद असते, तेव्हा दिल्ली वाहतूक पोलिसांच्या प्रीपेड बूथवरून टॅक्सी घ्या. मोफत वाय-फायला मोबाइलवर ओटीपी येतो. परदेशी नंबर असेल तर माहिती कक्षावर कूपन मागा.