स्टॉकफिशशी आठ महिने खेळून झाले, स्कोअर सांगायची लाज वाटते पण सांगतो

गणपतीत नवीन फोन घेतला तेव्हा बुद्धिबळाचं एक फुकटचं ॲप टाकलं. त्यात समोर स्टॉकफिश नावाचा बुद्धिबळ खेळणारा प्रोग्राम असतो, लेव्हल १ ते ८. माझं रेटिंग १५०० च्या आसपास, म्हणजे सोसायटीच्या स्पर्धेत नंबर येतो आणि क्लासला जाणारी बारा वर्षांची पोरं मला आरामात हरवतात. एवढं आधीच सांगितलं म्हणजे पुढचं वाचताना अंदाज येईल.

तिसऱ्या लेव्हलपर्यंत मी जिंकतो पण मजा नाही, कारण मशीन मुद्दाम चुकतं आणि ते कळतं. दहा खेळ्या एकदम उस्तादासारख्या आणि मग अचानक घोडा फुकट, माणूस असा चुकत नाही हो, माणूस घाबरून चुकतो नाहीतर हावरटपणा करून. चौथीला निम्मे डाव जातात. आठवीला ११२ डाव खेळलो, जिंकलो शून्य, बरोबरीसुद्धा शून्य. आणि हरताना वाईट काय वाटतं तर हल्ला असा होतच नाही, नुसतं विसाव्या खेळीला लक्षात येतं की एकाही मोहऱ्याला जायला धड घर उरलेलं नाही.

लोक म्हणतात डाव बंद करून ठेव, प्यादी अडकव, कॉम्प्युटर गोंधळतो. हे एकेकाळी खरं होतं. २००८ मध्ये ग्रँडमास्टर नाकामुराने रिब्का नावाच्या प्रोग्रामला ब्लिट्झमध्ये (म्हणजे काही मिनिटांच्या झटपट डावात) असंच बांधून ठेवलं, २७१ खेळ्या चालला तो डाव आणि शेवटी पठ्ठ्याने प्याद्यांचे वजीर न करता उंट केले, नुसतं चिडवायला. मीही महिनाभर हेच केलं. पण २०२० पासून स्टॉकफिशमध्ये न्यूरल नेटवर्क आलंय, बंद डावातही तो शांतपणे हत्ती कोपऱ्यातून फिरवून आणतो आणि बरोबर तेच प्यादं फोडतो जे आपल्याला नको असतं.

तसं आपण कोण म्हणा. जगज्जेता कास्पारोव १९९६ मध्ये फिलाडेल्फियात आयबीएमच्या डीप ब्लू कॉम्प्युटरला ४-२ ने हरवून आला आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला ३.५-२.५ ने हरला, शेवटचा डाव तर १९ खेळ्यांत आटोपला. ते मशीन सेकंदाला २० कोटी पोझिशन बघायचं, कपाटाएवढं होतं. आता माझ्या खिशातला फोन त्याच्यापेक्षा भारी खेळतो. माझा आवडता किस्सा मात्र क्रामनिकचा, २००६, बॉन, जगज्जेता माणूस आणि समोरच्या डीप फ्रिट्झ प्रोग्रामची एका खेळीतली मात दिसलीच नाही! ते वाचल्यापासून मी स्वतःवर कमी चिडतो.

खरा पैसावसूल भाग (फुकट ॲप असलं तरी) मला चौथ्या महिन्यात सापडला. बोर्ड एडिटरमध्ये जाऊन आठव्या लेव्हलचा वजीर काढून टाकायचा आणि मग खेळायचं. बायको म्हणाली, ‘वजीर काढून जिंकलास तर त्यात काय?’ पण बसून बघा एकदा. पहिले सात डाव वजीर नसलेल्या मशीनने मला मारलं. मग समजलं की हल्लाबिल्ला करायचाच नाही, दिसेल त्याची मारामारी करायची, घोड्याला घोडा, हत्तीला हत्ती, पट रिकामा झाला की वजीर पुरून उरतो. शिवाय स्टॉकफिश आपण अचूकच खेळणार असं धरून चालतो त्यामुळे मुद्दाम सापळे लावत नाही. लीला नावाच्या दुसऱ्या प्रोग्रामची घोड्याविना खेळणारी आवृत्ती वेगळी, ती त्यासाठीच बनवलीय, डाव गुंतागुंतीचा ठेवते, ब्लिट्झमध्ये ग्रँडमास्टरही तिच्याकडून हरलेत, मी त्या वाटेला गेलो नाही.

तर सध्याचा हिशोब असा. वजीर काढला तर मी बहुतेक वेळा जिंकतो. हत्ती काढला तर ३१ पैकी ९. घोडा काढून एकच बरोबरी, तीही रात्री दीड वाजता, तीनदा तीच पोझिशन आली म्हणून. स्क्रीनशॉट ठेवलाय.