डीसीआयएस परत येईल का? व्हॅन नाइज की मेमोरियलचा नोमोग्राम

स्तन वाचवून डीसीआयएस (दुधाच्या नळीतच असलेला, बाहेर न पसरलेला सुरुवातीचा कर्करोग) काढला, की ओपीडीत पुढचा प्रश्न ठरलेलाच: "डॉक्टर, शेक घ्यावाच लागतो का?" शेक म्हणजे रेडिएशन. त्याच स्तनात आजार परतण्याचा अंदाज बांधायला मी व्हॅन नाइज गुणांक आणि मेमोरियलचा नोमोग्राम (माहिती भरली की टक्के सांगणारं गणित) दोन्ही वापरून पाहिलेत.

व्हॅन नाइज म्हणजे तोंडी बेरीज. गाठीचा आकार, मार्जिन (काढलेल्या तुकड्याची आजाराबाहेरची मोकळी कड), ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या) आणि 2003 पासून वय. प्रत्येकाला एक ते तीन गुण. सहापर्यंत नुसतं ऑपरेशन, सात ते नऊला शेक, त्यावर अख्खा स्तन काढायचा. राउंडवर रेसिडेंटला शिकवायला झकास.

अडतं ते मार्जिनपाशी. चांगला गुण हवा तर कड किमान 10 मिलिमीटर मोकळी लागते. आमच्या नागपुरात बऱ्याच बाया आधी बाहेरगावी ऑपरेशन करून येतात. बरणीत फॉर्मॅलिनमधला तुकडा मधोमध चिरलेला. आखूड धागा वर, लांब धागा बाहेरच्या बाजूला, एवढी खूणही नसते. मग धंतोलीतल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा फोन: "सर, वरची कड कोणती ते तरी सांगा जी, मग मोजते." रिपोर्टात शेवटी "मार्जिन मोकळे", आकडा नाहीच. आकारही स्लाइडी जुळवून अंदाजानेच. म्हणजे चारपैकी दोन रकाने हवेतले, आणि एका गुणाने बाई सहावरून सातवर जाते.

मेमोरियल स्लोन केटरिंगचा 2010 चा नोमोग्राम दहा गोष्टी विचारतो, पण त्यातल्या बऱ्याच बाईकडूनच कळतात: वय, घरात कोणाला होता का, हाताला लागला की मॅमोग्राफीत दिसला, किती वेळा कापलं. आकार विचारतच नाही, मार्जिनला दहाचा हट्ट नाही. शस्त्रक्रियेचं साल मात्र विचारतो. आज त्याचा उपयोग काय, देव जाणे.

शेकासह आणि शेकाविना, 5 आणि 10 वर्षांचे टक्के शेजारीशेजारी मांडता येतात. "सात गुण" म्हटलं की नवरा विचारतो, "म्हणजे पास का?" टक्के दाखवले की बोलणं मुद्द्यावर येतं: रोजचं जाणं-येणं, राहायची सोय, एवढ्या फरकासाठी ते परवडतं का.

अर्थात तो एकाच अमेरिकी रुग्णालयातल्या 1,868 बायकांपैकी पूर्ण माहिती असलेल्या 1,681 जणींवर बेतलेला आहे, त्यामुळे दशांशापुढचं मी वाचून दाखवत नाही. परतणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे इन्व्हेसिव्ह, म्हणजे नळीबाहेर पसरलेले, निघतात. ते वेगळं काढून दोघंही सांगत नाहीत.

कडांना शाई लावून अख्खा तुकडा क्रमाने कापणारा पॅथॉलॉजिस्ट हाताशी असेल, तर व्हॅन नाइज खुशाल वापरा. बाहेरची बरणी आली, की मी तरी नोमोग्रामच उघडतो.