ओळख नसताना कन्सल्टिंगचा रेफरल : लातूरहून आठ महिने करून पाहिल्यावर

मागच्या जूनमध्ये मी ठरवलं की वाळूजच्या कंपनीतलं प्रॉडक्शन प्लॅनिंग सोडून ऑपरेशन्स कन्सल्टिंगमध्ये, म्हणजे कंपन्यांना त्यांचं कामकाज सुधारायचा सल्ला देण्याच्या कामात जायचं. इंजिनिअरिंग नांदेडला झालेलं, गाठीशी तीन वर्षांचा अनुभव, आणि घरात, नात्यात, गल्लीत या क्षेत्रातला एकही माणूस नाही. आमच्याकडं ओळख निघते ती तहसीलमध्ये, बँकेत, फार तर पुण्याच्या आयटीमध्ये. त्यामुळं लिंक्डइनवर अनोळखी माणसांना लिहायचं, जमलं तर बोलायचं आणि त्यातून रेफरलपर्यंत, म्हणजे कंपनीतल्या माणसानं केलेल्या शिफारशीपर्यंत जायचं, एवढीच वाट उरली होती. फेब्रुवारीपर्यंत ती नेमानं चाललो.

पहिल्या दिवसापासून वहीत नोंद ठेवली होती. एकूण १४६ जणांना लिहिलं. ३४ जणांचं उत्तर आलं, १३ जणांशी फोनवर बोलणं झालं, ४ रेफरल मिळाले, दोन ठिकाणी मुलाखत झाली आणि एक नोकरी लागली. यातली खरी गोष्ट अशी की पहिल्या ६० मेसेजना मिळून फक्त चार उत्तरं आली होती. बाकीची तीस पुढच्या ८६ मधून आली.

पहिल्या साठांना मी एकच मजकूर पाठवत होतो. सर, आपल्या कंपनीत संधी शोधतोय, सीव्ही जोडलाय, कृपया रेफर करावं. ज्या चौघांनी उत्तर दिलं त्यातले तिघे "ऑल द बेस्ट" म्हणून थांबले. चौथे आमच्याच कॉलेजचे, माझ्या नऊ वर्षं पुढचे. त्यांनी फोन करायला सांगितलं आणि फोनवर सरळ विचारलं, "आमच्या पोर्टलवर तुझं नाव टाकताना एक रकाना येतो, या उमेदवाराला तुम्ही कसं ओळखता. तिथं मी काय लिहू, सांग बरं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या दिवसापर्यंत मी रेफरल म्हणजे वशिला समजत होतो. प्रत्यक्षात बहुतेक मोठ्या कंपन्यांत कर्मचारी अंतर्गत पोर्टलवर तुमचं नाव आणि दोन ओळी शिफारस टाकतो, तुम्हाला लिंक येते आणि त्या लिंकवरूनच अर्ज करायचा असतो. आधी स्वतःहून अर्ज करून बसलात तर बऱ्याच ठिकाणी नंतरचा रेफरल धरत नाहीत. हे माहीत नसल्यानं दोन कंपन्या माझ्या हातून गेल्या. आणि रेफरलनं होतं एवढंच, की सीव्ही माणसाच्या डोळ्याखालून जातो. पुढच्या केस इंटरव्ह्यूत (धंद्यातली एखादी अडचण देऊन ती तिथंच सोडवायला लावतात) कुणीही तुमच्यासाठी काही करू शकत नाही.

म्हणजे त्या रकान्यात लिहिण्यासारखं काहीतरी मला तयार करायचं होतं.

ते सापडलं मामाकडं. माझे मामा लातूरच्या एमआयडीसीत एका डाळमिलवर मुनीम आहेत. दिवाळीला घरी आलो तेव्हा चार दिवस रोज सकाळी त्यांच्याबरोबर मिलवर गेलो. क्विंटलभर तुरीतून साधारण ७० ते ७५ किलो डाळ पडते, बाकी चुनी (डाळीचा चुरा आणि तुकडे), टरफल आणि घट. मी डाळीच्या पोत्यांचा हिशोब घेऊन बसलो होतो. मामा म्हणाले, "डाळ काय, समदे मोजून विकतेत. चुनी किती निघाली ते बघ आधी."

चुनी तिथं वजनावर नव्हती, कट्टे मोजून लिहायची पद्धत होती. कट्टा कधी गच्च भरलेला, कधी अर्धा. म्हणजे कोणत्या लॉटचा उतारा, क्विंटलमागं पडणारी डाळ, किती, हे मिलमध्ये कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं. मालकांना विचारून मी अकरा लॉटची चुनी काट्यावर घातली. तूर एकाच वाणाची, पण चांगल्या आणि वाईट लॉटच्या उताऱ्यात तीन किलोंचा फरक निघाला. तेल-पाणी लावून तूर किती वेळ मुरू दिली, त्याप्रमाणं तो बदलत होता. डाळीच्या आणि चुनीच्या भावात चार-पाच पटींचं अंतर असताना क्विंटलमागं तीन किलो डाळ चुनीत जाणं किती महाग पडतं, ते मी दोन पानांत मांडलं. मालकांनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवसापासून चुनी काट्यावर घ्यायला सांगितली. मामांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा होता.

त्यानंतरचा माझा मेसेज असा होता : लातूरच्या डाळमिलमध्ये उताऱ्यातला फरक मोजलाय, तुम्ही अन्नप्रक्रिया उद्योगात काम केलंय असं प्रोफाइलवर दिसलं, एका प्रश्नावर पंधरा मिनिटं बोलता येईल का? रेफरलचा शब्दही नाही. कनेक्शनच्या विनंतीसोबतची चिठ्ठी छोटीच असते, त्यात एवढं नीट बसतं. उत्तरं यायला लागली. लोक मलाच प्रश्न विचारू लागले. तुरीतला ओलावा मोजला का, कामगारांची पाळी बदलल्यावर फरक पडतो का. दोघांनी ती दोन पानं मागून घेतली.

लिंक्डइनच्या वापराबद्दल थोडं. सगळ्यात कामाची गोष्ट फुकट आहे. आपल्या कॉलेजच्या पानावर अल्युम्नाय म्हणून टॅब असतो, तिथं कुठं काम करतात, कुठं राहतात असं गाळून पाहता येतं. नांदेडहून शिकलेली आणि आज कन्सल्टिंगमध्ये असलेली माणसं मला तिथंच भेटली, आणि ती माझ्या कल्पनेपेक्षा बरीच जास्त होती. पैसे भरून घेतलेलं प्रीमियम करिअर मी दोन महिने वापरलं. त्यात महिन्याला पाच इनमेल (कनेक्शन नसलेल्यांना थेट पाठवायचे मेसेज) मिळतात आणि ९० दिवसांत उत्तर आलं तर ते क्रेडिट परत जमा होतं. मेसेज चांगला असेल तर पाच पुरतात, पण मला कनेक्शनची चिठ्ठीच जास्त फळली. शुक्रवारी दुपारी पाठवलेल्यांना उत्तरं जास्त आली, कारण आठवडाभर क्लायंटकडं असलेली बरीच माणसं त्या दिवशी जागेवर असतात.

आपल्या भागाचा माणूस म्हणून कुणी मदत करेल, ही आशा मी धरली होती. थोडी खरी ठरली. "तुम्ही कुठले?" या प्रश्नानंतर आवाज बदलतो, बोलणं मराठीत येतं. पण चार रेफरलमधले दोनच मराठवाड्यातल्या माणसांकडून आले. तिसरा मूळच्या चेन्नईच्या आणि गुरुग्रामला काम करणाऱ्या मॅडमनी दिला, चौथा एका बंगाली सरांनी. दोघांशीही माझं आयुष्यातलं बोलणं तासाभरापेक्षा जास्त नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञानं १९७३ मध्ये हेच मांडलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यानं विचारलं की ती ओळखीची व्यक्ती तुम्हाला किती वेळा भेटायची. वारंवार भेटणारे १६.७ टक्केच निघाले, अधूनमधून भेटणारे ५५.६ आणि क्वचित भेटणारे २७.८ टक्के. जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीतच असतं. नवी खबर लांबच्याकडून येते. आमच्या घरी कुणी नाही याची जी खंत मी वर्षानुवर्षं बाळगली, ती हे वाचल्यावर बरीच हलकी झाली.

एक बोलणं विसरणार नाही. मूळ उदगीरचे एक दादा रविवारी रात्री माझी केसची तयारी घ्यायचे. एकदा म्हणाले, "२०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पन्नास वाघिणींची गाडी धर. माणशी किती पाणी आलं?" मी तेव्हा अकरावीत होतो. घागरी घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलेलो. कागदावर मांडलं : वाघिणीत साधारण ५०,००० लिटर, पन्नास वाघिणी म्हणजे २५ लाख लिटर, शहर चार लाखांचं. माणशी सहा लिटर. गळतीचं काय, टँकर किती फेऱ्या मारणार, हेही त्यांनी विचारलं, मी सांगत गेलो. गणित संपल्यावर दोघंही थोडा वेळ गप्प होतो. मग ते म्हणाले, "आता हेच इंग्रजीत, तीन मिनिटांत सांग." इंग्रजीत मी अडखळत होतो. सलग पाच रविवार त्यांनी माझ्याकडून ते करून घेतलं. एक रुपयाही न घेता.

पैशाचं म्हणून सांगतो. टेलिग्रामवर खात्रीशीर रेफरल विकणारे खूप आहेत. माझ्या रूममेटनं एकाला ३,००० रुपये दिले, लिंक आली ती कंपनीच्या उघड्या करिअर पानाची. जो तुम्हाला ओळखत नाही तो त्या रकान्यात खरं काय लिहिणार? कृपा करून कुणी देऊ नका.

पहिल्या मुलाखतीत दुसऱ्या फेरीत बाहेर पडलो, नफा का घटला या केसमध्ये खर्चाच्या बाजूला गेलोच नाही. दुसरी पुण्याच्या एका छोट्या ऑपरेशन्स फर्ममध्ये झाली. रेफरल त्याच नऊ वर्षं पुढच्या सरांच्या मित्राचा, ज्यांच्याशी त्यांनीच माझी गाठ घालून दिली होती. मुलाखतीत चुनीवर वीस मिनिटं बोलणं झालं. ऑफर आली त्या रात्री मी तेराही जणांना कळवलं. सरांचं उत्तर आलं : "रकान्यात त्यानं काय लिहिलं माहितीये का? डाळमिलचा मुलगा, आकडे स्वतः मोजतो."

एक तारखेला रुजू होतोय. मामांना स्क्रीनशॉट पाठवला तर त्यांनी फोन करून विचारलं, काट्याचं त्यात लिहिलंय का म्हणून. लिहिलंय, म्हटलं.